मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर गुदद्वार आकसले असेल तर

प्रश्न : माझे वय ४८ वर्षे आहे. आठ महिन्यांपूर्वी माझ्या मूळव्याधीच्या तीन कोंबांची शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, रक्त थांबले. पण दुसऱ्या महिन्यापासून शौचाला करंगळीपेक्षाही बारीक होऊ लागले. आता बराच वेळ कुंथत बसावे लागते आणि तरीही पोट साफ झाल्याचे समाधान मिळत नाही. पातळ व्हावे म्हणून मी रोज रात्री सारक औषध घेते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा भूल देऊन मार्ग रुंद करून दिला. दोन्ही वेळा काही आठवडे बरे गेले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता दुसऱ्या सर्जननी बाहेरची त्वचा आत सरकवून बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. जिथे कापल्यामुळे हे सगळे झाले तिथेच पुन्हा कापून घ्यायचे का? शौचावरचा ताबा गेला तर काय करू? माझ्या पहिल्या बाळंतपणात चिमटा लावावा लागला होता. घरच्या घरी डायलेटर (मार्ग हळूहळू रुंद करण्याची गुळगुळीत कांडी) वापरून भागणार नाही का? (नाव न छापण्याची विनंती.)

उत्तर : आपण लिहिलेल्या हकिकतीवरून दुसऱ्या सर्जननी दाखवलेली दिशा मला योग्य वाटते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय यापेक्षा अधिक ठामपणे बोलणे बरोबर होणार नाही. परंतु दोनदा ताणूनही मार्ग पुन्हा आकसला, यातच पुढच्या उपचाराचे बरेचसे उत्तर आलेले आहे. ताबा जाण्याची आपली भीतीही निराधार नाही. बाळंतपणातील चिमट्याचा उल्लेख आपण पत्राच्या शेवटी ओघात केला असला, तरी सर्जनला तो सर्वांत आधी सांगावा, असे मी म्हणेन. त्याचे कारण पुढे येईल.

गुदमार्ग जेमतेम तीन ते चार सेंटीमीटर लांबीचा असतो. त्याच्या वरच्या भागाला आतड्यासारखे ओलसर अस्तर असते आणि खालच्या भागाला केस व घामग्रंथी नसलेली, अतिशय पातळ व संवेदनशील त्वचा असते. शौचाच्या वेळी हा मार्ग बराच रुंदावतो आणि नंतर घट्ट मिटतो, तो या त्वचेच्या लवचिकपणामुळे आणि तिच्याभोवती असलेल्या स्नायूंच्या दोन कड्यांमुळे. आतले कडे आपोआप काम करते. बाहेरचे आपल्या इच्छेने आवळता येते. मूळव्याधीचे कोंब काढताना त्यांच्यावरची त्वचा व अस्तरही काढावे लागते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडलेली पद्धत आजही सर्रास वापरली जाते आणि तिच्यात तीन कोंबांच्या तीन जखमा उघड्या ठेवून आपोआप भरू दिल्या जातात. या जखमांच्या मधल्या जागेत निरोगी त्वचेचे पूल राखणे हा त्या शस्त्रक्रियेचा गाभा आहे. प्रत्येक पूल किमान एक सेंटीमीटर रुंद असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. पूल अरुंद राहिले किंवा नंतर ते निकामी झाले, तर तिन्ही जखमा भरताना एकमेकींना मिळतात आणि लवचिक त्वचेच्या जागी कडक व्रणाचे एक अखंड कडे तयार होते. व्रण जसजसा जुना होतो तसतसा तो आवळत जातो. म्हणूनच आपल्याला पहिल्या महिन्यात काही जाणवले नाही आणि दुसऱ्या महिन्यात त्रास सुरू झाला.

वैद्यकीय वाङ्मयात गुदद्वार आकसण्याच्या सुमारे ९० टक्के प्रसंगांचे मूळ मूळव्याधीच्या अशाच, गरजेपेक्षा जास्त त्वचा काढणाऱ्या शस्त्रक्रियेत असल्याचे सांगितले जाते. वॉल्टर व्हाइटहेड यांनी १८८२ मध्ये गुदमार्गाचे अस्तर सभोवार कापून काढण्याची पद्धत सुचवली होती. तिच्यामागून येणारे आकुंचन आणि बाहेर डोकावणारे ओलसर अस्तर इतके कुप्रसिद्ध झाले की त्या विकृतीलाच त्यांचे नाव चिकटले. तरीही प्रत्येक वेळी हलगर्जीपणाच झाला असेल, असे समजू नये. कोंब फार मोठे असतील, चारही बाजूंना पसरलेले असतील, किंवा सुजून काळेनिळे पडल्यावर तातडीने काढावे लागले असतील, तर त्वचा राखायला वावच थोडा उरतो. आपल्या पहिल्या डॉक्टरांविषयी आपण पत्रात संयमाने लिहिले आहे. तो संयम सोडू नये, कारण त्यांच्याकडची माहिती आता आपल्याला लागणार आहे.

ताणण्याचा उपाय का टिकला नाही, हे आता लक्षात येईल. येथे कमी पडली आहे ती त्वचा. कापड कमी पडल्यामुळे काखेत दाटणारा सदरा शिंपी ओढून मोठा करत नाही, तो तिथे कळी घालतो; ओढला तर कापड उसवते. भूल देऊन मार्ग जबरदस्तीने रुंद केला की व्रणाचे कडे दोन-चार ठिकाणी फाटते, तेवढ्यापुरती वाट मोकळी होते, आणि त्या प्रत्येक फाटीची जखम भरताना आणखी व्रण तयार होतो. शिवाय फाटताना ते व्रणाशीच थांबेल, खालचा स्नायू सोडून देईल, याची खात्री कोणालाच देता येत नाही. बोटांनी जोरात ताणण्याची पद्धत एकेकाळी मूळव्याधीसाठीही रूढ होती; स्नायू फाटून वायू व शौच न आवरण्याचे प्रकार दिसू लागले, तशी ती मागे पडली. म्हणून तिसऱ्यांदा भूल घेऊन तेच करून घ्यायला कोणी सुचवले, तर आपण नम्रपणे नकार द्यावा.

त्याआधी एक शंका मात्र दूर व्हायला हवी. प्रत्येक अरुंद गुदद्वार व्रणामुळेच अरुंद झालेले असते असे नाही. न भरलेली जखम किंवा चीर असेल, तर वेदनेमुळे आतला स्नायू सतत आवळलेला राहतो आणि लक्षणे अगदी अशीच दिसतात. दोहोंतला फरक भूल दिल्यावर उघड होतो, कारण स्नायूचे आवळणे भुलेखाली सैल पडते आणि व्रणाचे कडे तसेच घट्ट राहते. आपल्याला दोनदा भूल दिली गेली आहे. तेव्हा भूल दिल्यावर लगेच बोट सहज गेले की त्यासाठी जोर लावावा लागला, एवढा एकच प्रश्न पहिल्या डॉक्टरांना विचारावा. त्या दोन्ही वेळच्या शस्त्रक्रियेची नोंद आणि आठ महिन्यांपूर्वीच्या मूळ शस्त्रक्रियेची नोंद मागून घ्यावी. त्या कागदांचे मोल नव्या दहा तपासण्यांपेक्षा जास्त ठरू शकते.

आकुंचनाची तीव्रता ठरवण्याची रीत साधी आहे. मिलसम आणि मेझियर यांनी १९८६ मध्ये मांडलेली प्रतवारी अजून वापरली जाते. वंगण लावलेली तर्जनी आवळत का होईना पण आत जात असेल, तर आकुंचन सौम्य. तर्जनी जाण्यासाठी जोराने ताणावे लागत असेल, तर मध्यम. आणि ताणल्याशिवाय करंगळीही जात नसेल, तर तीव्र. त्याच्या जोडीला आकुंचन किती उंचीवर आहे, हेही पाहावे लागते. त्वचा आणि अस्तर जिथे मिळतात त्या रेषेच्या खाली ते असेल तर एक उपाय, रेषेवर असेल तर दुसरा आणि वर असेल तर तिसरा. स्टेपलर यंत्राने केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे आकुंचन बहुधा वरच्या भागात, टाचण्यांच्या ओळीपाशी, पातळ पडद्यासारखे असते. ते बोटाने किंवा फुग्याने रुंद करून अथवा दोन-तीन ठिकाणी छेद देऊन बऱ्याचदा सुटते आणि तिथे त्वचा सरकवण्याची गरज सहसा पडत नाही. आपले कोंब कापून काढलेले असल्यामुळे तो प्रकार आपल्याला लागू पडत नाही. पण हा मजकूर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला पडेल, म्हणून लिहिले.

आणखी एक गोष्ट, आणि ती टाळू नये. काढलेल्या कोंबांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली होती का, हे विचारून अहवाल हाती घ्यावा. क्रोन्स आजार (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा विकार), क्षयरोग, किरणोपचार आणि क्वचित कर्करोग यांमुळेही गुदमार्ग अरुंद होतो. आपल्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतरचा व्रण हेच कारण जवळपास उघड आहे. तरीही व्रण एकाच बाजूला गाठीसारखा लागत असेल, पुन्हा रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर तुकडा काढून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्या वयात, याआधी झाली नसेल तर, मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणीही यानिमित्ताने उरकून घ्यावी. मूळव्याधीच्या रक्तस्रावाआड दुसरे काही दडलेले नाही, हे तिच्यामुळे कळते. क्रोन्स आजार सक्रिय असताना त्वचा सरकवण्याची शस्त्रक्रिया केली तर ती जखम भरण्याची शक्यता फार कमी असते, म्हणूनही हे आधी माहीत असणे जरूर आहे.

आता डायलेटरविषयी. सौम्य आकुंचनात त्याला जागा आहे आणि ती चांगली जागा आहे. आहारातील चोथा वाढवणे, इसबगोलासारखे पाणी धरून फुगणारे औषध भरपूर पाण्यासोबत घेणे आणि लहान आकारापासून सुरुवात करून क्रमाक्रमाने वाढत्या जाडीचे डायलेटर वंगण लावून, दुखेल तिथे थांबून वापरणे, एवढ्यावर अनेकांचे भागते आणि शस्त्रक्रिया टळते. पण हा उपाय सुरुवातीच्या आठवड्यांत, व्रण कोवळा असताना, अधिक लागू पडतो. आठ महिन्यांचा पक्का झालेला व्रण, त्यातही दोनदा फाटून पुन्हा भरलेला, डायलेटरला फारशी दाद देईल असे वाटत नाही. तपासणीत आकुंचन सौम्य निघाले, तर सर्जनच्या देखरेखीखाली काही आठवडे प्रयत्न करून पाहायला माझी हरकत नाही. स्वतःच्या मनाने, मिळेल ती वस्तू घेऊन आणि जोर लावून मात्र काहीही करू नये. तेही ताणणेच आहे, फक्त भुलेविना.

रोजच्या सारक औषधाबद्दल मला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पातळ शौचाला त्रास कमी होतो, म्हणून आपण ते घेत आहात आणि त्यात आपला दोष नाही. परंतु गुदद्वार रुंद राखण्याचे काम निसर्गाने मऊ पण भरीव शौचावर सोपवलेले आहे. महिनोन्‌महिने फक्त पातळच जात राहिले, तर मार्गाला रुंदावण्याचे कारण उरत नाही आणि व्रण निर्धास्तपणे आवळत जातो. दीर्घकाळ सारके व खनिज तेल घेत राहणे हे स्वतःच आकुंचनाचे एक मान्य कारण आहे. तेव्हा डॉक्टरांना विचारून उत्तेजक सारक हळूहळू कमी करावे आणि त्याच्या जागी शौच मऊ ठेवणारे औषध व इसबगोल आणावे. मात्र आकुंचन तीव्र असेल, तर शस्त्रक्रियेआधी चोथा एकाएकी वाढवू नये, नाहीतर वर साठून बसेल. ही मात्रा सर्जननेच ठरवायची.

शस्त्रक्रियेकडे वळतो. सौम्य आणि खालच्या आकुंचनात, विशेषतः स्नायूचे आवळणेही सोबत असेल तर, व्रणाला छेद देऊन आतल्या स्नायूचा थोडा भाग एका बाजूने कापतात. शस्त्रक्रिया लहान असते, आराम लवकर पडतो. पण तिथेही उघडा छेद पुन्हा व्रणानेच भरतो आणि ताब्यासाठी लागणारा स्नायू थोडा का होईना कमी होतो. मध्यम आणि तीव्र आकुंचनात म्हणून त्वचा किंवा अस्तर सरकवण्याची शस्त्रक्रिया करतात. तिला अॅनोप्लास्टी म्हणतात. तिच्यात व्रणाचे कडे एका किंवा दोन्ही बाजूंना उभे छेदून मोकळे केले जाते, आणि त्यामुळे जी जागा उघडी पडते ती शेजारच्या निरोगी, लवचिक त्वचेने झाकली जाते. मार्ग रुंद राहतो तो या त्वचेमुळे. केवळ छेदाने तो टिकला नसता.

या त्वचेच्या तुकड्याला फ्लॅप म्हणतात आणि त्याचे आकार अनेक आहेत. वरच्या बाजूचे आकुंचन असेल, तर आतले अस्तर खाली ओढून बसवता येते. पण ते फार खाली आणून गुदद्वाराच्या काठाबाहेर शिवले, तर ओलसर अस्तर बाहेर राहून सतत पाझर, खाज आणि कपडे डागाळणे मागे लागते. खालच्या आकुंचनासाठी इंग्रजी वाय अक्षरासारखा छेद घेऊन त्याचे टोक आत सरकवण्याची रीत जुनी आणि सोपी आहे, परंतु टोक निमुळते असल्यामुळे तिथला रक्तपुरवठा सर्वांत कमजोर असतो आणि नेमके ते टोकच सर्वांत आत, सर्वांत गरजेच्या जागी पोहोचायचे असते. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा, म्हणजे डायमंड, फ्लॅप आणि घराच्या आकृतीसारखा, म्हणजे हाउस, फ्लॅप यांमध्ये आत जाणारा भाग रुंद राहतो, त्यामुळे मार्गाची अधिक लांबी झाकता येते. शिवाय मागे उरलेली जखमही टाके घालून मिटवता येते. मध्यम ते तीव्र आकुंचनात माझा कल या दोहोंकडे आहे. तरीही आपल्या सर्जनचा हात ज्या आकारावर बसलेला आहे तो, माझ्या आवडीच्या आकारापेक्षा आपल्यासाठी अधिक सुरक्षित ठरेल.

जिथे कापले तिथेच पुन्हा कापणार का, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पहिल्या वेळी त्वचा काढली गेली. या वेळी ती आणली जाणार आहे. सर्जन गुदद्वाराशेजारच्या त्वचेवर आकार आखून सभोवार छेद घेतो, पण तिच्याखालची चरबी खालून सोडवत नाही, कारण त्या चरबीतून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवरच तो तुकडा जगतो. मग तो तुकडा चरबीसकट आत सरकतो आणि लवकर विरघळणाऱ्या बारीक टाक्यांनी अस्तराला जोडला जातो. टाक्यांवर ताण येत असेल, तर तुकडा आणखी मोकळा केला जातो. ताणून शिवत नाहीत. व्रण छेदतानाही नेम असा धरायचा की छेद व्रणापुरताच राहावा आणि स्नायूला धक्का लागू नये. व्रणाच्या छेदाने पुरेशी रुंदी मिळाली, तर स्नायू कापण्याचे कारणच उरत नाही.

चिमट्याचा उल्लेख मी आधी केला तो यासाठी. चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात बाहेरच्या स्नायूला, कधी आतल्यालाही, इजा झालेली असू शकते आणि ती वर्षानुवर्षे जाणवतही नाही, कारण उरलेला स्नायू काम निभावून नेतो. आपल्या बाबतीत आणखी एक अडचण आहे : अरुंद मार्गच आज गळती रोखून धरत असेल, तर तो मोकळा झाल्यावर स्नायूचा दुबळेपणा उघडा पडू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी गुदमार्गाची आतून केलेली सोनोग्राफी करून घेणे मी आपल्या बाबतीत आवश्यक मानतो. आणि शक्य असल्यास गुदमार्गाचा दाब मोजण्याची तपासणीही. तपासणीची नळी जाण्याइतकी जागा नसेल, तर सोनोग्राफी भुलेखाली, शस्त्रक्रियेच्या टेबलावरही करता येते किंवा एमआरआयवर भागवता येते. त्यात स्नायू तुटलेला दिसला, तर फ्लॅप तरीही करता येतो. फक्त आतला स्नायू कापायचा नाही, हे आधीच ठरून जाते. सध्या आपल्याला वायू आवरतो का आणि सारक न घेता कपडे कधी डागाळतात का, ही उत्तरे लिहून सोबत न्यावीत. सांगायला संकोच वाटतो, पण ती सर्जनला सोनोग्राफीइतकीच उपयोगी पडतात.

शस्त्रक्रियेनंतर काय होऊ शकते, तेही लपवत नाही. जंतुसंसर्ग, टाके सुटणे, फ्लॅपचा काही भाग काळा पडणे, पहिल्या रात्री लघवी अडणे, काही आठवडे खाज व ओलावा, आणि काही जणांत पुन्हा आकुंचन. टाके थोडे उसवले तरी घाबरू नये. जखम बहुधा आपोआप भरते आणि परिणाम टिकतो. पण ताप, वाढत जाणाऱ्या वेदना, गोठलेल्या रक्ताच्या गाठी जाणे किंवा लघवी अजिबात न होणे, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शौच मऊ ठेवणे, दर शौचानंतर कोमट पाण्यात बसणे, जागा घासून न पुसता टिपून कोरडी करणे, आणि फ्लॅपवर भार येईल असे कडक आसनावर फार वेळ न बसणे, एवढे पथ्य पहिले काही आठवडे पाळावे लागते. धूम्रपान असेल, तर ते आधीच थांबवावे. मधुमेह असेल, तर साखर आटोक्यात आणूनच तारीख घ्यावी. दोन्हींमुळे फ्लॅपचा रक्तपुरवठा आणि जखम भरणे बिघडते.

दुसऱ्या सर्जनना भेटाल तेव्हा ते मार्ग किती रुंद करून देणार, हे विचारण्याऐवजी उघडी पडलेली जागा कशाने झाकणार, हे विचारावे. कोणत्या आकाराचा फ्लॅप, एका बाजूला की दोन्ही. आतला स्नायू कापण्याचा विचार आहे का, असल्यास का. आणि अशा शस्त्रक्रिया ते स्वतः नियमित करतात का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर गुदविकारांची शस्त्रक्रिया हेच ज्यांचे मुख्य काम आहे अशा सर्जनकडे पाठवण्याची विनंती करावी. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही. शेवटच्या ताणण्याला तीन महिने उलटले नसतील आणि शौच अडून बसत नसेल, तर तेवढा काळ व्रण निवण्यासाठी द्यायलाही हरकत नाही. मात्र पोट फुगणे, उलट्या होणे किंवा वायूही न सरणे सुरू झाले, तर हे थांबणे तिथेच संपते आणि त्याच दिवशी दाखवावे लागते.